धुतलेले बूट

मोहिनीने शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून बूट काढले, उलटे धरले आणि तळाच्या खाचांत स्पिरिट ओतलं. जुन्या टूथब्रशने ती एकेक खाच घासू लागली.

“आज हे काय नवीन, मॅडम?” कोथिंबिरीच्या वाफ्यातून देवकाबाई उठून आल्या. “मागच्या साली त असे नवते धुतले.”

ब्रश थांबला.

“नव्हते धुतले,” मोहिनी म्हणाली.

वांग्याला मर रोग आणणारा जंतू पिढ्यान्‌पिढ्या कसा बदलत जातो, हा तिच्या संशोधनाचा विषय. गेल्या श्रावणात ती सेलूकडच्या एका रोगट शेतातून थेट पवनारला, या शेतात आली होती. हे निरोगी होतं, म्हणूनच तुलनेसाठी निवडलेलं. स्पिरिटची बाटली गाडीत होती. बूट धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात पाय टाकायचा नाही, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. पण त्या दुपारी पिपरीला घरी तिचं तान्हं बाळ भुकेलं होतं, दूध दाटून कुडता ओला होत होता. ओढणी पुढे ओढून तिने भराभर मातीचे नमुने घेतले आणि ती पळाली.

पोळा झाला आणि देवकाबाईंची भरात आलेली वांगी उभ्या उभ्या माना टाकू लागली.

काल प्रयोगशाळेतून निकाल आला. श्रावणात या शेतातून नेलेल्या मातीत जंतू नव्हताच. मेलेल्या झाडांत होता, तो मात्र सेलूच्या शेतातलाच. मधल्या कुठल्याही गावातला नव्हे. इतकी सख्खी भावंडं तिने आजवर पाहिली नव्हती.

धुऱ्यावरच दहा पावलांवर देवकाबाईंची सून काजल गवत कापत होती. तिच्याकडे हनुवटी उडवून देवकाबाई म्हणाल्या, “तुमाले सांगतलं होतं ना? विटाळात शिरली वांग्यात ही. तवापासून पाय नाई टाकू देत मी तिले वावरात. कायले उगाच?”

“तिच्यामुळे नाही झालं, मावशी.” मोहिनीने बूट खाली ठेवला. “माझ्यामुळे झालं. आजारी शेतातली माती माझ्या बुटांना लागली होती. ती मी इथे आणली.”

बोलता बोलता तिच्या ओठांवर ते हसू आलं. सभेत एखादी चूक कबूल करताना यायचं, तसंच, ओशाळं, समोरच्याला आधीच आपलंसं करून घेणारं.

देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांचा चेहरा निवळला.

“लय मोठ्या मनाच्या हा तुमी. दुसऱ्याच्या सुनेसाठी कोनी आपल्यावर घेते का?”

“मी खरं सांगतेय.”

“हाव, हाव. बुटाच्या मातीनं वावर मरते व्हय? आमचे हे त कोनाच्याबी चपला घालून गावभर फिरतेत!” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “मंग त सारं पवनार मेलं असतं, बाप्पा.”

मोहिनीला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच लाज वाटून तिची कानशिलं तापली. तरी मान खाली घालून तिने बुटांच्या नाड्या बांधल्या, नमुने घेतले. निघताना देवकाबाईंनी कोथिंबिरीची ओली जुडी तिच्या हातात कोंबली.

“सांबार न्या घरी. आन् पोराले आना एक दिवस.”

गाडीकडे जाणारी वाट काजलच्या बाजूने होती. मोहिनी जवळ आली तसा विळा थांबला. काजलने वर पाहिलं नाही.

“मॅडम, थे खरं होतं, का मले वाचवाले बोलल्या?”

“खरं होतं.”

काजल कापलेलं गवत हाताने सारखं करत राहिली. एक काडी, मग दुसरी.

“लग्नाचं पयलंच साल होतं माह्यं,” ती म्हणाली. “घरात मीठ सांडलं तरी आता माह्याकडं पाह्यतेत.”

जुडीतून पाणी ठिबकून मोहिनीच्या धुतलेल्या बुटांवर पडत होतं.

“अजून एक डाव सांगा त्याइले,” काजल म्हणाली. आता तिने वर पाहिलं. “पन ह्या डावी हासू नोका.”

मोहिनीने जुडी गवताच्या भाऱ्यावर ठेवली आणि मागे वळली.

वाफ्यातून देवकाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. “काय राह्यलं, मॅडम?”