तिसऱ्या पुस्तकाविषयी

निलेशने पंखा बंद केला, मोबाइल औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिसरं पुस्तक पुन्हा हातात घेतलं.

बोरिवलीच्या वाचनालयात दर महिन्याला तो अलीकडे वाचलेल्या ललितेतर पुस्तकांवर बोलत असे. वडील, गुणाजी, अंथरुणाला खिळले, तेव्हापासून त्याचं जग औषधाच्या दुकानापाशी संपू लागलं. बोलणं आता घरूनच रेकॉर्ड करून पाठवायचं. खोली एकच. खिडकीतही समोरच्या इमारतीची भिंत. गुणाजींचा पलंग खुर्चीपासून हातभर अंतरावर.

पहिली दोन पुस्तकं सरळ पार पडली होती. खारदांड्याच्या कोळीवाड्यावरच्या पुस्तकात समुद्र आहे पण त्याला वास नाही, लेखक किनाऱ्यावर बूट घालून उभा आहे, असं तो म्हणाला होता. गिरण्यांच्या इतिहासाला त्याने मृत्युपत्रासारखं नीटनेटकं ठरवलं होतं. तिसरं पुस्तक एका लेखिकेने आजारी आईच्या शुश्रूषेवर लिहिलेलं.

"भाषा निर्मळ आहे. प्रत्येक पान हळुवार आहे. पण..."

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं.

"परत अडाकलंस," पलंगावरून गुणाजी म्हणाले.

"काही नाही, बाबा. तुम्ही पडा ना जरा."

"पडलेलोच आसंय. त्या दोघांका सोललंस, मग हिकाच कित्याक भियतस?"

"भ्यायचं काय त्यात? चांगलं पुस्तक आहे."

"वाचलंय मी. तू औषधां हाडूक जातंस, तेवा." गुणाजी धाप ओसरेपर्यंत थांबले. "बायेन खोटा लिवल्यान."

निलेश पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

गुणाजींचा हात कानाशी गेला. ऐकण्याची दोन इवली यंत्रं रोज सकाळी निलेशच त्यांच्या कानांत बसवी. उशाच्या स्टीलच्या वाटीत काहीतरी टणकन वाजलं. पलंगाचा गज धरून त्यांनी भिंतीकडे कूस वळवली आणि शाल कानांवरून ओढून घेतली.

"आता बोल."

निलेशने बटण दाबलं.

"इतक्या वर्षांत या लेखिकेला एकदाही वाटलेलं नाही, की हे आता संपावं. मला वाटतं. चहा गाळताना वाटतं, चादर बदलताना वाटतं. जे पुस्तक एवढं लपवतं, त्याच्या हळुवारपणावर माझा विश्वास बसत नाही."

रेकॉर्डिंग पाठवून त्याने पंखा लावला. घसरलेली शाल नीट करायला तो वाकला, आणि तसाच थांबला. वाटीत एकच यंत्र होतं. दुसरं गुणाजींच्या वरच्या कानात, जागच्या जागी.

"बाबा, पाणी?" त्याने अगदी हळू विचारलं.

गुणाजी हलले नाहीत. भिंतीकडे लागलेले डोळे मात्र उघडे होते.

निलेशने शाल पुन्हा त्या कानावर ओढली. थोड्या वेळाने, नेहमीपेक्षा मोठ्याने, त्याने विचारलं,

"बाबा, पाणी देऊ?"

तेव्हा कुठे गुणाजींनी मान हलवली.