बुज्जीला न दिलेला हत्ती

कोंडापल्लीतल्या त्या घरात दिवसभर लाकडी खेळणी बनत होती, आणि घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला मात्र खेळणं मिळत नव्हतं. त्याची आईच, हैमावती, मिळू देत नव्हती. बुज्जीने ढिगातून हत्ती उचलला की ती हातातलं टाकून धावायची, त्याच्या मुठीतून हत्ती सोडवायची आणि बदली वाटी-चमचा द्यायची. पोर रडायचं. रडता रडता त्याला धाप लागायची, आणि छाती शिट्टीसारखी वाजायची.

"आपल्याकडे असं नव्हतं ग बाई," सासू रमणम्मा उंबऱ्यावरून म्हणाली. "नव्या खेपेतला पहिला नग घरच्या पोराचा. त्याने चोखावा, चावावा, आपटावा. टिकला तर बाकीचे बाजारात. तुझा नवरा तर असा तुटून पडायचा की हत्तीला सोंड उरायची नाही."

"तेव्हा खळ चिंचोक्यांची होती, अत्तय्या."

चिंचोके भाजायचे, भिजवायचे, सोलायचे, वाटायचे आणि त्यात लाकडाचा भुसा मळून खळ करायची, हे रमणम्माचं काम होतं. आता तिची बोटं वाकडी झाली होती. त्यात ढगाळ हवेत सांधा दिवसचे दिवस वाळत नसे. माल उचलणारा व्यापारी थांबायला तयार नव्हता. वर, खळीमुळे खेळण्यांना मुंग्या लागतात ही त्याची तक्रार. शेवटी हैमावतीचा नवरा वीरभद्रम याने डब्यातला गोंद आणला. पान चघळून होईतो कान हत्तीला पक्का बसायचा. पण डब्याचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरायचे. कामाची खोली तीच, निजायची तीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलाला धुरापासून, उग्र वासापासून लांब ठेवा. एका खोलीत लांब म्हणजे कुठे?

हैमावती कॉलेज शिकलेली. डब्यामागची बारीक अक्षरं तिने नवऱ्याला वाचून दाखवली होती. वास छातीत घेऊ नका, मुलांपासून दूर ठेवा.

"विडीच्या बंडलावरही लिहिलेलं असतंच की," वीरभद्रम म्हणाला. "म्हणून तुझा बाप विडी सोडून बसलाय का? सगळी वस्ती हाच गोंद वापरते. आपण तेवढे सोवळ्यात बसलो, तर दसरा थांबणार आहे आपल्यासाठी?"

त्याचं डोकं रोज दुखायचं. तो उन्हाला दोष द्यायचा. तिने वाद सोडला आणि आपलं मूल तेवढं सांभाळायचं ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो.

दसऱ्याच्या तोंडावर, घरोघरी बाहुल्यांची आरास मांडायच्या दिवसांत, जवळच्या बेजवाडा शहरातली एक बाई दुपारी दारात आली. हैमावतीच्याच वयाची. कडेवर दात येऊ घातलेली लेक.

"अक्का, हिला हत्तीच द्या. बघा कशी झेप घेतेय. घरी मांडायला आणखी एक द्या, हा काही दसऱ्यापर्यंत टिकत नाही," ती हसत म्हणाली. मग थबकली. "तोंडात घातला तर रंग नाही ना जात?"

"नाही," हैमावती म्हणाली. "रंग नाही जात."

हे खरंच होतं. रंग जात नव्हता. त्या चिमुरडीने हत्तीचा कान तोंडात घातला, नेमका तिथे, जिथे सांध्यातून गोंद बाहेर येऊन पिवळा पडून वाळला होता. हैमावतीने पाहिलं. वीरभद्रमनेही मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तिने दुसरा हत्ती कागदात गुंडाळला. मायलेकींची रिक्षा निघून गेली.

मागे वळते तर बुज्जीच्या हातात त्याच खेपेतला हत्ती! तिने सवयीने झडप घातली आणि तो ओढून घेतला.

"का ग?" रमणम्मा शांतपणे म्हणाली. "आत्ता जो त्या पोरीच्या तोंडात होता, तो वेगळ्या गोंदाने चिकटवला होता का?"

हैमावतीने हत्ती पदराआड लपवला, तरी रमणम्मा बोलतच राहिली.

"खळीला मुंगी लागायची म्हणून तुम्ही नाकं मुरडलीत. अरे, मुंगी खाते ते पोराच्या पोटात गेलं तर एक वेळ चालतं. जिच्याकडे मुंगीसुद्धा फिरकत नाही अशी वस्तू लेकरांना देताय, आणि आपलं तेवढं बाजूला काढताय."

हैमावती अनवाणीच रस्त्यावर धावली. नाक्यापर्यंत गेली. तिथे रिक्षा पुष्कळ होत्या, ती मायलेकींची नव्हती. परत आली ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"मीही बघत होतो," वीरभद्रम म्हणाला. "तू काहीतरी बोलशील म्हणून थांबलो होतो. आणि बोलू नयेस असंही वाटत होतं."

तो उठला, डबा उचलून बाहेर निघाला.

"कालव्यात ओतू नकोस," रमणम्मा मागून म्हणाली. "ते पाणीही कुणाची तरी पोरं पितात."

मग कुठे ओतायचा? मातीत ओतावा तर माती जाणार. डबा हातात घेऊन तो बराच वेळ अंगणात उभा राहिला. इतकी वर्षं आपण जे घरात आणत होतो, ते टाकायलासुद्धा जगात जागा नाही, हे त्याला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी चिंचोके भाजले. रमणम्मा सांगत गेली, हैमावती वाटत गेली. पण हवा ढगाळ होती. व्यापारी चिडून शेजारच्या घरी गेला. "काय भद्रम अण्णा, वाळला का हत्ती? की पुढच्या दसऱ्याला?" शेजारी भिंतीवरून विचारतो, आणि त्याच भिंतीवरून त्याच्या डब्याचा वास येतो. बुज्जीची छाती अजून वाजते. एका घराने गोंद सोडला म्हणून वस्तीची हवा बदलत नाही.

सांगायचं एवढंच. जे आपण आपल्या लेकराच्या तोंडातून ओढून काढतो, ते दुसऱ्याच्या लेकराच्या हाती द्यायचा आपल्याला अधिकार नाही. विकणाऱ्यालाही नाही, बनवणाऱ्यालाही नाही, आणि बघून गप्प बसणाऱ्याला तर नाहीच. हैमावतीला हे कळलं, पण कळायला एका लेकराएवढा उशीर झाला. त्याआधीची लेकरं किती, ते कुणी मोजलेलं नाही.