ओतिलियाच्या भिंतीवरचं गाव

दुपारी तीनच्या सुमाराला अनिबाल पडद्यांच्या कारखान्यातून घरी येई, तोंडावर पाणी मारी आणि फोन कानाला लावून पुन्हा रस्त्यावर उतरे. त्याच्या फॉल रिव्हर गावात तीन वाजत तेव्हा समुद्रापलीकडे साओ जॉर्ज बेटावर संध्याकाळचे सात झालेले असत. त्याची बायको ओतिलिया चीजच्या कारखान्यातलं काम उरकून घरामागच्या दगडी बांधावर येऊन बसलेली असे. समोर पाण्यापलीकडे पिकोचा डोंगर. आज डोंगर दिसतोय की ढगात गेलाय, हे ती आधी सांगे. मग म्हणे, "हं, चल."

आणि तो तिला घेऊन चालू लागे.

लग्नाला साडेतीन वर्षं झाली होती. त्यातले एका छपराखालचे दिवस मोजले तर एकोणचाळीस भरत. दोघांनीही पन्नाशी ओलांडल्यावर, धीर करून केलेलं लग्न. तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच महिन्यात गेला होता. मग पोच आली, मग काही महिने काहीच आलं नाही, मग अनिबालची सही चौकटीबाहेर गेली म्हणून कागद परत आले, मग पुन्हा पोच. संगणकावर क्रमांक टाकला की एकच वाक्य दिसे : तुमचं प्रकरण विचाराधीन आहे. सुरुवातीला तो ते श्वास रोखून वाची. पुढे पुढे, बाहेर पाऊस आहे का हे खिडकीतून बघावं तसं, कामावर जाता जाता बघू लागला.

तेवढ्या काळात ओतिलियाला न पाहिलेलं गाव पाठ झालं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं चीज गुंडाळायचा मोठा कागद चिकटवला होता आणि त्यावर काळ्या पेन्सिलीनं ती गाव वसवत होती. तीन मजली लाकडी घर, तिसऱ्यावर अनिबाल, खाली सेराफिमची बेकरी. शेजारी विधवा बाईंचं कापडाचं दुकान. मग शिखरावर क्रूस असलेलं देऊळ, त्याची घंटा चारला वाजते. मग उतार, नदी, मोठ्या झाडाखालचा बाक. तिचा भाचा एकदा म्हणाला, "आत्या, संगणकावर अख्खा रस्ता दिसतो. दाखवू?"

"नको रे. मी तो त्याच्या पायांनी बघतेय."

सेराफिमची बेकरी पहिल्याच हिवाळ्यात बंद पडली होती.

त्याच दिवशी कागद परत आले होते. ओतिलिया फोनवर फार बोलत नव्हती. डोंगर दिसतोय का, हेही तिनं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "आज भट्टीतून काय निघालं?" अनिबालपुढे खाली ओढलेलं लोखंडी दार होतं आणि त्यावर हातानं लिहिलेला कागद : चाळीस वर्षांबद्दल आभार. तो कागद त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, "गोड पाव. आत्ताच काढलेत. वरून अंडं फिरवलंय, नुसते चकाकतायत." पलीकडे ओतिलियानं लांब श्वास घेतला, जणू वास पोचला. उद्या सांगू, असं त्याच्या मनात आलं.

तो उद्या काही उजाडला नाही. पुढच्या वर्षी कापडाचं दुकान मिटलं. वादळात झाड पडलं, खालचा बाक मोडला. देवळाला कुलूप लागलं, माणसं दुसऱ्या देवळात जाऊ लागली. अनिबालनं मात्र फोनवर एक वीटही हलू दिली नाही. जे पडे ते तो त्याच संध्याकाळी पुन्हा उभं करी. कधी कधी त्या बंद दारापुढून जाताना त्याला खरोखर बडीशेपेचा आणि लोण्याचा वास येई, आणि कापडवाल्या बाईंना नमस्कार करायला हात टोपीकडे जाई. समोरून येणारी पोरं त्याच्याकडे बघत बघत बाजूला होत.

मग एप्रिलमध्ये मुलाखतीचं पत्र आलं.

"बाराव्या दिवशी," ओतिलिया म्हणाली. आवाज नुकता धुतल्यासारखा होता. "मोठ्या बेटावर, विमानानं जायचं. शेजारची ग्रासा जाऊन आलीय ना, ती सांगत होती, सगळं विचारतात. नवरा राहतो त्याच्या खाली काय आहे, पाव कुठून आणतो. उत्तरं जुळली नाहीत तर म्हणतात लग्न नुसतं कागदावरचं. मला हसूच आलं. म्हटलं, विचारा म्हणावं. डोळे मिटून सांगते."

"हो," अनिबाल म्हणाला.

"आणि भिंतीवरचा नकाशा काढून फाइलीत घालतेय. एकोणचाळीस दिवसांचे फोटो किती असणार? नऊ. त्यापेक्षा हा पुरावा बरा."

अनिबाल नदीच्या उतारावर होता. तो तिथंच उभा राहिला.

"का रे थांबलास? बाक आला का?"

"आला," तो म्हणाला, आणि पडलेल्या झाडाच्या उरलेल्या बुंध्यावर बसला.

घराची मालकीण डोना झेलिया मधल्या मजल्यावर राहायची. वय एक्याऐंशी, व्हरांड्यात बसून शेंगा सोलता सोलता सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवायची. अनिबालनं जिन्यात उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत, तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे सेराफिम फ्लोरिडाला लेकीकडे जाऊन बसलाय, आणि तू इथे त्याचे पाव भाजतोयस," डोना झेलिया म्हणाली.

"तिला वाईट वाटू नये म्हणून..."

"तिला की तुला?"

अनिबालनं जिन्याचा कठडा पुसला.

"हे बघ बाबा, खोटं पाहुणा म्हणून येतं आणि भाडेकरू होऊन राहतं. मी भाडेकरूंना चांगली ओळखते. उद्या ती बाई तिथे साहेबापुढे बसून बेकरी सांगणार, तो इथला पत्ता तपासणार, आणि म्हणणार ही कुणा भलत्याचीच बायको. मग बस आणखी चार वर्षं फोनवर फिरत."

"रागावेल ती."

"रागावू दे. बायको आहे. लग्न कागदावरचं नाही हे तेवढ्यानं तरी सिद्ध होईल."

तरी पाच दिवस गेले. रोज तो ठरवून निघे, आणि रोज ओतिलिया म्हणे, "बरं, आता मी सांगते, तू फक्त हो म्हण," आणि गाव घडाघडा म्हणून दाखवी. तिच्या तोंडून ते गाव इतकं सुंदर वाटे की मध्ये बोलणं म्हणजे झोपलेल्याच्या अंगावर पाणी ओतणं. सहाव्या दिवशी मात्र तो दारातच थांबला.

"ओतिलिया. खाली बेकरी नाही."

"सुट्टी?"

"बंद झाली. तीन वर्षं झाली."

पलीकडून गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत राहिला.

"मी ईस्टरला सेराफिमला शुभेच्छा पाठवल्या होत्या."

"हो."

"त्यानं उलट पाठवल्या."

"मी पाठवल्या."

"आणि माझ्या आईच्या पावाची कृती? तू म्हणालास त्यानं करून बघितली, साखर जरा जास्त झाली."

"मी केली घरी. झालीच होती जास्त."

"आणखी काय नाही?"

त्यानं सांगितलं. कापडाचं दुकान. झाड. देऊळ.

"घंटा मी ऐकलीय, अनिबाल. माझ्या कानांनी."

"ती आयरिश लोकांच्या देवळाची. दोन गल्ल्या पलीकडे आहे. चारच्या आत मी तिथे पोचायचो."

"म्हणून तुला नेहमी धाप लागायची." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यानं फोन केला तो वाजत राहिला. तिसऱ्या दिवशीही. अनिबाल फेरीला गेलाच नाही. खिडकीशी बसून खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण एका बाईला साडेतीन वर्षं हात धरून चालवलं आणि ऐन पुलावर हात सोडला. शिवाय आपल्याला तरी आता कुठे जायला उरलंय, हेही त्याला कळेना. डोना झेलियानं दाराबाहेर सूपचं भांडं ठेवलं.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलाखतीला दोन दिवस होते.

"डोंगर दिसत नाहीये," ओतिलिया म्हणाली. "माझ्या हातात लाल पेन्सिल आहे. दारापासून सुरू कर. जे आहे ते सांग. एक दगडसुद्धा जास्त नको."

तो निघाला. "दार. हिरवा रंग, खाली पोपडे आलेत. खाली बेकरीचं शटर, त्यावर कुणीतरी रंगानं मासा काढलाय."

"कसला मासा?"

"मासा," तो म्हणाला, आणि मग वाकून पाहिलं. "हसतोय. कापडाच्या दुकानात आता किराणा आहे. कंबोडियाच्या लोकांचा."

"काय विकतात?"

त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो त्या दुकानासमोरून कापडाचे तागे बघत गेला होता. आता तो आत शिरला. "तांदूळ. लांब हिरव्या शेंगा. सुके मासे टांगलेत. बाई विचारतेय काय हवंय."

"तिला विचार, या शेंगा कशा करतात."

त्यानं विचारलं. बाईनं हातवारे करून सांगितलं, त्यानं ते ओतिलियाला सांगितलं, पलीकडे पेन्सिल कागदावर खरखरत राहिली. कुलूपबंद देवळाच्या पायऱ्यांवर कबुतरं बसली होती. ती किती, हेही तिनं मोजायला लावलं. बुंध्यापाशी त्याला बोटाएवढे कोवळे फुटवे दिसले. "पडलेलं झाड फुटलंय," तो म्हणाला. "हे मी बघितलंच नव्हतं."

"तू कुठे बघत होतास," ओतिलिया म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण आता तो घरातला राग होता.

मुलाखतीच्या दिवशी तो कामावर गेला नाही. अकराला फोन वाजला.

"विचारलं," ती म्हणाली. "खाली काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, बंद बेकरी, दारावर हसरा मासा. त्यानं नकाशा उलगडून बघितला. म्हणाला, इथे काळ्यात एक आणि लालमध्ये दुसरं असं का?"

"मग?"

"म्हटलं, काळं ते नवऱ्यानं सांगितलेलं, लाल ते असलेलं. तो माणूस बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, लग्नाबद्दल मला काही शंका नाही."

अनिबालचे डोळे भरून आले. तो खाली बसला.

"पुढचं ऐक. पोलिसांचा दाखला जुना झालाय. वाट बघण्यात त्याची मुदत संपली. नवा आणायचा, तो पाठवायचा, मग ते बघणार. किती दिवस, विचारलं. म्हणाला, सांगता येत नाही."

तिच्या बाजूला कुठल्यातरी विमानतळावरचा गलका होता.

"नकाशा?" त्यानं विचारलं.

"दिला परत. म्हणाला, याची फाइलीत गरज नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता अनिबाल खाली उतरून दारात उभा राहिला. ऊन समोरच्या छपरांवरून कलून या बाजूला आलं होतं. फोनवर आधी वारा आला, मग ओतिलिया.

"कागद परत भिंतीवर लावला," ती म्हणाली. "डोंगर अर्धा दिसतोय."

"कुठल्या रस्त्यानं जायचं?"

तिनं जरा विचार केला. "नदीपर्यंत लालवरून ने. फुटवे केवढे झाले सांग. येताना काळ्यावरून ये." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण या वेळी आपल्या दोघांना माहीत असू दे."

तो किराण्यात डोकावला, बाईला शेंगा कशा झाल्या ते सांगितलं, कबुतरं मोजली. फुटवे मोजले. बुंध्यावर बसून दोघांनी थोडा वेळ नदी ऐकली. मग तो वळला, आणि उतार चढता चढता देवळाची दारं उघडली, चारची घंटा झाली, कापडवाल्या बाईंनी निळा तागा उलगडून दाखवला. या वेळी त्याला धाप लागली नाही.

"आलो," तो घरापाशी येऊन म्हणाला.

"सेराफिमला विचार, काही उरलंय का."

अनिबालनं शटरवर, माशाच्या शेजारी, तळहात टेकला. दुपारभर ऊन खाऊन लोखंड तापलं होतं.

"गरम आहे," तो म्हणाला.