पायमशीनच्या जागेवर

लेकीनं, राहीनं मुंबईहून निरोप धाडला की बाबांसाठी सायकल पाठवतेय, तेव्हा ती ठेवायची कुठं हा प्रश्न सगुणेला पडलाच नाही. सायकल लोक भिंतीला टेकवून ठेवतात. पडवीच्या बाहेर भिंत होती, भिंतीवर वळचण होती, झालं. तिला कोडं पडलं होतं ते वेगळंच. डाव्या अंगावरून वारं गेलेला माणूस सायकल चालवणार कसा, आणि मांडवीच्या उतारावर चालवलीच तर थांबणार कुठं? थेट समुद्रातच.

गणपती गेल्यावर चार दिवसांनी एसटीच्या टपावरून गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड उतरलं आणि हमालानं ते आणून पडवीत आदळलं. सगुणेनं सुतळी कापली. आत एकच चाक निघालं. तिनं गोणपाट उलटं करून झटकलं, पडवीतल्या टोपलीखाली बघितलं, हमाल गेला त्या वाटेवरही दोन पावलं जाऊन बघून आली.

"जल्लं, मागचं चाक कुणी वाटेतच काढून घेतलान वाटतं."

समोरच्या घरातून सुरय्या हात पुसत आली. दोन्ही घरांच्या मध्ये एक अंगण, शेणानं सारवलेलं, निम्मं हिचं आणि निम्मं तिचं. सुरय्याचा नवरा गनी मालवाहू बोटीवर खलाशी होता, वर्षातून एकदा घरी यायचा आणि जगभरच्या गोष्टी सांगून जायचा. त्यामुळे सुरय्याला न बघितलेलं बरंच काही माहीत असायचं.

"काकी, ही अशीच असते. गनी सांगत होता, त्यांच्या कप्तानाकडं हाय. ही जाग्यावर चालते."

"जाग्यावर चालते म्हंजे?"

"म्हंजे चालते, पण जात नाय."

"मग चालते कशाला?"

दोघी त्या एका चाकाकडं बघत उभ्या राहिल्या. आतून, माजघरातल्या खाटेवरून, सगुणेच्या नवऱ्यानं, लवूनं, काहीतरी विचारल्यासारखा आवाज केला. आजारापासून त्याचे शब्द तोंडातच घोटाळायचे, म्हणून तो बोलणंच टाळायचा.

लवू नागवेकर म्हणजे लवू टेलर. पडवीतल्या खिडकीखाली त्याचं पायमशीन, भिंतीला खिळ्यांवर अडकवलेले कपडे, आणि मशीनपुढं तो स्वतः, गळ्यात टेप टाकलेला. तीस वर्षं रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीतून हे असंच दिसत आलं होतं. वैशाखात एका सकाळी तो स्टुलावरून उठायला गेला आणि डावा पाय उठलाच नाही. सिव्हिल हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर सगुणेला म्हणाले होते, हात सुधारेल, वाचाही येईल, पण पाय चालता ठेवा, पडून राहिला तर पडूनच राहील. जावई मुंबईत एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. तिथल्या पाहुण्यांच्या व्यायामाची सायकल जुनी झाली म्हणून काढून टाकली, ती त्यानं सासऱ्यासाठी मागून घेतली. म्हणजे पोरांची माया खरी होती, त्यात गोंधळ नव्हता. गोंधळ होता तो जागेचा.

घर चिऱ्याचं आणि कौलारू, पण होतं एवढंसं. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी. माजघरात लवूची खाट, भाताची कणगी आणि राहीच्या लग्नात उरलेली पितळी भांडी, जी कुणी वापरत नव्हतं आणि कुणी हलवूही देत नव्हतं. सगुणेनं सायकल आधी तिथंच घातली. मग खाटेवरून न्हाणीकडं जायला वाट उरेना; लवू भिंत धरून धरून जायचा आणि नेमकी भिंतच सायकलनं अडवलेली. मग ती स्वयंपाकघरात नेली. तिथं दोन दिवस सगुणा चुलीपुढं वाकली की पायडल कमरेत बसायचं. तिसऱ्या दिवशी तिनं हँडलवर सुकवायला घातलेलं फडकं पेटता पेटता वाचलं. बाहेर वळचणीखाली ठेवावी तर परतीचा पाऊस आडवा यायचा, आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते मांडवीच्या माणसाला सांगायला नको. आढ्याला दोरानं टांगून ठेवावी आणि रोज उतरवावी असंही एकदा तिच्या मनात आलं. उतरवणार कोण, हे मनात यायला थोडा वेळ लागला.

सायकल मावेल, वारा लागेल, बसल्या बसल्या खिडकीची चौकट धरता येईल अशी जागा घरात एकच होती. तिथं पायमशीन होतं.

सगुणेनं दोन दिवस ती गोष्ट तोंडातच ठेवली. मग पेज भरवताना म्हणाली, "अवो, मशीन वायच दिवस सुरय्याकडं ठेवू काय? तिचं हातमशीन मोडलंय. चालवील, तेलपाणी करील. हितं ते नुसतं गंजतंय. तुमचा पाय बरा झाला की आणू परत."

लवूनं पेज गिळली. तिच्याकडं बघितलं. मग तोंड भिंतीकडं केलं.

तो नाही म्हणाला नव्हता. सगुणा पुढं कित्येक दिवस स्वतःला हेच सांगत राहिली. लग्नापासून त्यांच्यात हाच रिवाज होता. ती विचारायची, तो नको असेल तर नको म्हणायचा, आणि बाकी सगळं हो असायचं. पण ज्याच्या तोंडातून शब्दच निघत नाही, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ जुन्याच हिशेबानं लावायचा की नवीन, हे तिला कळेना. आणि विचारायचं तरी कुणाला? विचारायचं ते त्यालाच.

मशीन अंगण ओलांडून गेलं. सायकल खिडकीखाली आली.

रोज सकाळी सगुणा त्याला धरून तिच्यावर बसवू लागली. डावा पाय पायडलवर ठेवून ओढणीनं बांधायचा, उजवा पाय ओढून न्यायचा आणि डावा त्याच्यामागून फरफटत फिरायचा. लवू ते करायचा, पण कसं, तर शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखं. आणि खिडकी रस्त्यावर. तीस वर्षं वाकून कॉलर शिवताना दिसलेला माणूस आता ताठ बसून नुसता हलताना दिसू लागला.

"काय लवूशेट, कुठवर पोचलात?" बाबल्या भाटकरानं पहिल्याच दिवशी बाहेरून विचारलं. बाबल्याची जीभ मोकळी होती, मनात काही नसायचं. "जयगड आलं काय?"

दुसऱ्या दिवशी, "वेळणेश्वराला उतरून देवाक हात जोडा हां माज्या नावानं. आणि येताना नारळ आणा."

लवूचा चेहरा आधीच एका बाजूनं ओघळलेला, त्यामुळे हसला की चिडला ते समजायचं नाही. सगुणेनं नवऱ्याची बाजू घेतली. "तुज्यासारखं नुसतं तोंड चालवण्यापेक्षा पाय चालवलेलं बरं," असं म्हणून तिनं बाबल्याला वाटेला लावलं. पण बाबल्या दोन पावलं जाऊन परत आला आणि आवाज खाली करून, खिडकी टाळून, दाराशी तिला म्हणाला, "वहिनी, राग मानू नकोस. माजा सफारी... कापून ठेवलेला हाय लवूशेटनी वैशाखात. पोरीचं लगीन मार्गशीर्षात. दुसऱ्याकडं टाकू काय?"

"मी काय सांगू?"

"तूच सांगायचं. त्यांना कसं विचारू मी?"

खिडकीतली सायकलची खरखर थांबली होती. लवूनं ऐकलं होतं. कापलेला सफारी अजून खिळ्यावर होता, तपकिरी, छातीची दोन पाखं आणि चार बाह्यांसारखे दिसणारे पँटचे तुकडे. सगुणेनं आत बघितलं. तो मान खाली घालून पायडलला बांधलेल्या पायाकडं बघत होता. पाय सुटायची वाट बघत असावा तसा.

"दसरा होऊंदे," ती बाबल्याला म्हणाली. असं का म्हणाली ते तिला माहीत नव्हतं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी तिनं आपलं जुनं लुगडं खिडकीला पडदा म्हणून लावलं. आता कुणाला काही दिसत नव्हतं. पडवीत अंधार झाला. त्या अंधारात चाक फिरायचं, आणि सगुणा स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता विचार करायची की आपण माणूस बरा करतोय की लपवून ठेवतोय.

समोरून सुरय्याच्या हाताखाली मशीन चालल्याचा आवाज यायचा. तो आवाज तिच्या इतका ओळखीचा होता, की कधीकधी विसरून ती हाक मारायची, "अवो, च्या घेतलात काय?" आणि सायकलचं चाक फिरत राहायचं.

मग खंडेनवमी आली.

हत्यारांची पूजा. त्या दिवशी घरात ज्याच्या जोरावर पोट भरतं ते धुवून पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्यालाही विश्रांती. दरवर्षी लवू स्वतः मशीन पुसायचा, तेल द्यायचा, सुई काढून ठेवायचा, आणि सगुणा गोंड्याच्या फुलांचा हार करून त्याच्या मानेत घालायची. घरात पूजा करण्यासारखं दुसरं मोठं यंत्र नव्हतं.

सगुणेनं सकाळीच अंगणातले गोंडे ओवले. पाटावर कात्री ठेवली, टेप गुंडाळून ठेवला, कोळशाची इस्त्री ठेवली, आंब्याच्या पानांचा टाळ ठेवला. हळदकुंकू लावलं. आणि हातात हार घेऊन ती उभी राहिली.

हार एकच होता. मशीन अंगणापलीकडं. मशीनच्या जागेवर सायकल. सुरय्याच्या घरात जाऊन, आपल्या देवाचं गंधफूल घेऊन, पूजा करायला ती काही अडवणार नव्हती, पण तिनं आज काम काढलं असेल, तिला उगाच खोळंबा. आणि मशीन सध्या जिथं आहे तिथलं पोट भरतंय, मग पूजा त्यांच्या नावची की आपल्या? आणि सायकल... सायकलवर हे बरे होणार, म्हणजे आपलं पोट आता तिच्यावर म्हणायचं का? चाक आहे. पाय लागतो. लोखंडाची आहे. तिला काही सुधरेना. खाटेवरून लवू बघत होता. एवढा वेळ हार हातात घेऊन उभं राहणंही बरं दिसेना.

तिनं हार सायकलच्या हँडलला घातला.

माजघरात खाट करकरली. सगुणा वळली तोवर लवू भिंत धरून उंबऱ्यात आला होता. तो नेहमी न्हाणीकडं जायचा, पडवीकडं एकटा कधीच नाही. त्यानं उजवा हात पुढं केला, हँडलवरून हार काढला, मनगटात अडकवला आणि दाराकडं वळला.

"अवो! पायरी हाय! पडाल!"

पायरी त्याला ठाऊक होती, ती त्यानंच बांधून घेतली होती. तो पायरीवर बसला, बसल्या बसल्या पाय खाली सोडले, आणि चौकट धरून उभा राहिला. अंगणात धरायला भिंत नव्हती. सगुणा धावली तर त्यानं कोपरानं तिला बाजूला सारलं. डावा पाय सारवणावर रेघ ओढत मागून येत होता. ती दोन्ही हात पसरून, नारळ पडतोय की काय म्हणून झाडाखाली उभं राहावं तशी, त्याच्या मागून चालत राहिली. रागावलाय? रडतोय? पाठमोऱ्या माणसाचं काही समजत नाही, आणि पुढून बघायला ती जाऊ शकत नव्हती.

सुरय्या मशीनवर होती. वाडीतल्या एका मुलीच्या साखरपुड्याला द्यायचा कुर्ता शिवत होती, जांभळा. लवूला दारात बघून तिचा पाय तसाच थांबला.

"या अल्ला! काका! चालत?"

लवू दाराची चौकट धरून धापा टाकत होता. त्यानं मशीनकडं बोट केलं. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"आज... नाय... चालवायचं."

सुरय्यानं एकदा त्याच्या मनगटातल्या हाराकडं बघितलं, आणि जीभ चावून झटकन स्टूल सोडलं. "मी इसरलेच वो. दरवर्षी बघते मी तुमची पूजा, आणि आज मशीन माज्याकडं आलं तर इसरले." तिनं कुर्ता सुईखालून ओढून घेतला, पदरानं मशीनवरची दोऱ्याची लव पुसली आणि बाजूला झाली.

लवूनं हार मशीनच्या मानेत घातला. एका हातानं घालताना तो दोनदा घसरला. मग स्टुलावर बसला. पायाखाली मशीन चालवताना दाबायची ती लोखंडी जाळी होती. उजव्या हातानं डावा पाय उचलून त्यानं तो जाळीवर, नेहमीच्या जागी, ठेवला. आणि तसाच बसला.

सगुणा चौकटीशी येऊन थांबली. आता तो दाबून बघणार, आणि पाय हलला नाही तर? इथं, दुसऱ्याच्या घरात, हार घातलेल्या मशीनपुढं? पण त्यानं दाबलं नाही. आज चालवायचं नव्हतं. नियमच होता. तो नियम या घडीला केवढा कामाचा आहे, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, म्हणजे उद्या दसरा झाला की काय?

"काकी, उद्या घेऊन जाता काय मशीन?" सुरय्यानं हळूच विचारलं. तिचा चेहराही जरा उतरला होता.

"नेऊ कुठं गो? जागा कुठं हाय? ती धड दुचाकी बी नाय, ती बसलीय तिथं. ती काढली तर पाय जातो. ठेवली तर..." पुढचं तिला म्हणता येईना. लवूच्या देखत कसं म्हणणार?

लवूनं मान हलवली. मग हातानं आपल्या घराकडं खूण केली, मग अंगणावरून बोट फिरवत इथवर आणलं.

"ऱ्हवंदे. हितंच." श्वास घेतला. "मी... येतो."

"रोज?" सुरय्या म्हणाली.

"रोज."

"म्हंजे सकाळी सायकल, आणि मग कामावर माज्याकडं?" सुरय्या हसायला लागली. "काकी, तुमचा माणूस नोकरीला लागला की वो!"

सगुणेला हसावं की नाही ते कळेना. एवढे दिवस जागा शोधत ती घरातला कोपरा न् कोपरा मोजत होती, आणि हा माणूस अंगण मोजून बसला होता. उद्या पाय चालेल न चालेल. रोज अंगण ओलांडताना ती मागून अशीच हात पसरून चालणार का? आणि जेवण इथं आणायचं की तिथं? तिनं पदर तोंडाला लावला आणि विचारलं ते भलतंच.

"च्या घेता काय?"

लवूचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. सुरय्याच्या हातातल्या जांभळ्या कुर्त्याकडं तो बघत होता, मान एका बाजूला करून, डोळे बारीक करून. सुरय्यानं नकळत कुर्ता पाठीमागं धरला.

"बाही," तो म्हणाला. "वाकडी. उसव."