माझ्या पोटातले शिळे पाणी

मित्रांनो, खिडकीखाली भिंतीला टेकून जे लोखंडी धूड उभे आहे, ते म्हणजे मी. मला रेडिएटर म्हणतात. वयाने मी या घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, आणि वजनाचे म्हणाल तर मला वर आणताना चार हमालांनी जिन्यातच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, पंप ते वर ढकलतो, मी ते पोटात घेऊन खोली उबदार करतो आणि गार झालेले पाणी परत खाली पाठवतो. तेच पाणी, तीच वाट, वर्षानुवर्षे. तुम्हाला कंटाळवाणे वाटेल, पण मला ते फार मानवत असे.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. बाहेर बर्फ पडला की घरातले सगळे ओले मोजे माझ्या अंगावर. पाहुणे आधी माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि मग यजमानांची चौकशी करत. मी थोडा शेफारलोच होतो, खोटे कशाला बोलू?

मग मालकांची थोरली बहीण इथे राहायला आली. मुले तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. तिचे गुडघे दुखत, त्यामुळे तिने आपली खुर्ची माझ्या शेजारीच मांडली. माझ्यावर तिच्याइतकी माया कुणी केली नाही. आणि तिच्याइतके माझे वाटोळेही कुणी केले नाही.

त्याचे असे झाले. एकदा माझा खालचा नळ जरासा ओघळला आणि फरशीवर काळे पाणी पडले. ते बघून आत्याचे तोंड वाकडे झाले.

"अगं बाई, किती वर्षांचं शिळं पाणी हे. बिचाऱ्याच्या पोटात सडतंय."

झाले. त्या दिवसापासून ती हात धुऊन माझ्या मागे लागली. दर शनिवारी ती मला बादलीत रिकामे करायची आणि तळघरात जाऊन नळाचे ताजे पाणी भरायची. पुढच्या शनिवारी पाणी पुन्हा काळेच. "बघा, अजून किती घाण आहे," म्हणत ती बादली मोरीत ओतायची आणि मला प्रेमाने पुसायची. मला वाचा असती तर मी बोंब मारली असती.

असे चार हिवाळे गेले. माझ्या तळाशी चिखल साचला. मी वर गरम आणि खाली गार राहू लागलो. शेवटी माझ्या दोन फासळ्यांच्या, म्हणजे उभ्या लोखंडी कप्प्यांच्या, जोडातून पाणी झिरपायला लागले, तेव्हा मालक वैतागले.

"ताई, पुरे झालं. शनिवारी भंगारवाला येतोय. नवा घेऊ, हलकाफुलका."

"मग माझी खुर्चीही ने म्हणावं त्याला," आत्या म्हणाली. "आधी कुणा जाणत्याला तरी दाखव. माझ्या हातून काही कमी पडलेलं नाही."

शुक्रवारी प्लंबर आला. त्याने माझे पाणी एका काचेच्या बरणीत घेतले, फ्रिजच्या दारावरचे चुंबक काढले आणि बरणीला बाहेरून लावले. आतला काळा गाळ हळूहळू सरकला आणि चुंबकापाशी गोळा झाला.

"घाण अशी चिकटते का, आत्याबाई? हे लोखंड आहे."

"लोखंड कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? हा रेडिएटरच आहे. जुनं पाणी एकदा काळं पडलं की गप्प बसतं. ताज्या पाण्यात हवा असते, तिच्यामुळे गंज नव्याने धरतो. तुम्ही दर शनिवारी याला थोडा थोडा मोरीत ओतलात."

आत्या खुर्चीत बसली. तिने बरणी मांडीवर घेतली. मग तिने हळूच विचारले, "हे परत आत घालता येईल का हो?"

प्लंबरने हसू दाबले. "नाही."

त्याने माझे पोट धुतले, पाझरणारी फासळी काढून टाकली, बॉयलरजवळ चुंबकाची गाळणी बसवली आणि पाण्यात गंज रोखणारे औषध घातले. संध्याकाळी मी पायापर्यंत गरम झालो. मालकांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर गळती दिसताच ती दुरुस्त करा, औषध पुरेसे आहे की नाही ते वर्षातून एकदा बघून घ्या, आणि एरवी त्याला त्याच्या शिळ्या पाण्यात सुखाने राहू द्या.

ती बरणी मात्र आत्याने ओतली नाही. झाकण घट्ट लावून तिने ती खिडकीत, माझ्या डोक्यावर ठेवली आहे. कुणी विचारले तर आधी माझ्याकडे आणि मग बरणीकडे बोट दाखवून ती म्हणते, "हाही तोच आहे."