खिशातला फ्यूज

बाबा शिडीवर चढले की माझी नजर त्यांच्यावरून हटत नाही. वय अडुसष्ट, हट्ट मात्र सोळाचा. त्या दुपारी दिवेआगरला सोनलताईंच्या होमस्टेवर तेच चाललं होतं.

माझे वडील, दत्ताराम, निऑनच्या पाट्या करायचे. परळच्या कारखान्यात आचेवर काचेची नळी वाकवायला शिकले आणि माणगावात परतून हायवेवरचे लॉज, थिएटर, सोडावाले सगळे त्यांनी उजळवले. मग एलईडी आले आणि त्यांचं काम बसलं. आता म्हणे लोकांना जुन्याची हौस! सोनलताईंनी भंगारातून बाबांचीच एक पाटी शोधून आणली होती. बटण चालू करून त्या म्हणाल्या, “बघा ना काका, पेटतच नाही,” आणि आत निघून गेल्या.

बाबांचा एक नियम होता. पाटीला हात लावण्याआधी मीटरजवळचा चिनी मातीचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकायचा. वर चढल्यावर खिसा चाचपायचा. फ्यूज खिशात म्हणजे वीज बंद. हल्ली ते चहा घेतलेला विसरतात, पण खिसा विसरत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

त्यांनी खिसा चाचपला, मान हलवली आणि पक्कड काढली. तेवढ्यात आईचा फोन आला.

“प्रांजली, घरात लाईट न्हाय गं. शेजारी हाय, आपल्याकडंच न्हाय. सकाळी तुझ्या बाबांनी मागल्या दारी पाटीचा ट्रान्सफॉर्मर तपासला, तवापासून गेलीय.”

म्हणजे त्यांच्या खिशात होता तो घरचा फ्यूज. इथे मीटरकडे जाताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं; इथला जागेवरच होता. एक नळी तुटली की सगळी पाटी विझते, पण ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो. त्या तुटक्या टोकाशी हजारो व्होल्ट होते आणि बाबांचा हात तिकडेच चालला होता.

“बाबा, हात लावू नका!”

त्यांना ऐकू कमी येतं, त्यात समुद्राचा वारा. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पडवीत धावले. फ्यूजच्या पेटीचं झाकण गंजलेलं, निघता निघेना. नखं मोडली. मागे बघायची हिंमत नव्हती. फ्यूज उपटला आणि त्याच क्षणी अंगणात धप्पकन काहीतरी पडलं.

“पोरी, पक्कड पडली. दे बघू वर.”

मी हमसून हमसून रडले. बाबा घाबरून खाली उतरले. मी हातातला फ्यूज त्यांना दाखवला. त्यांनी खिशातला काढून शेजारी धरला आणि दोन्ही उलटेपालटे करून पाहिले.

“गेल्या आयतवारी तळा गावाला पाटीच्या कामाला एकटाच गेलो व्हतो,” ते म्हणाले. “तिथं फ्यूज काढला व्हता का, आठवत न्हाय.”

त्यांनी दोन्ही फ्यूज माझ्या हातात दिले आणि शिडी धरली. चढले मीच. दोन्ही फ्यूज खिशात टाकले होते.

“खिसा बघितलास?” त्यांनी खालून विचारलं.

“बघितला, बाबा.”

मिनिटभराने त्यांनी पुन्हा विचारलं, “पोरी, खिसा बघितलास?”