डावं पारडं मासळीचं

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि आधीच सांगतो, माझा कुणावर विश्वास नाही. सगळं आयुष्य मासळीच्या धक्क्यावर गेल्यावर दुसरं काय होणार?

एका लोहाराने मला घडवलं. दांडी पोलादी, पारडी पितळी. नवा होतो तेव्हा लोक म्हणायचे, "तराजू असावा तर असा!" मी मात्र त्यांच्या हातांकडे बघायचो. होडीवाले मासळी न निथळताच टाकायचे, गिऱ्हाईक पारड्याखाली हळूच बोट लावायचं. सगळे मेले एकाच माळेचे मणी!

तोलायला बसायची मावशी. तीस वर्षं. तिचा नेम ठरलेला: डावं पारडं मासळीचं, उजवं वजनांचं, म्हणजे वजनं कोरडी राहतात. रोज ती मला वरून लख्ख पुसायची. पण गर्दी अशी, की रिकामी दांडी बघायला फुरसत कुणाला?

एके सकाळी खानावळवाला तणतणत आला. "मावशी, तुमची मासळी वाटेत वाळते का हो? रोज कमी भरते!"

"काहीतरीच काय!"

"मग आज उजवीकडे तोला."

मावशीने आधी डावीकडे तोलली, मग उजवीकडे. तीच मासळी, पण वजन कमी! होडीवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, "मावशी, उद्यापासून दुसरं कुणी बसेल." मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, हिनेच काहीतरी केलं असणार.

तिची सून शेजारीच मासे कापत होती. ती तरातरा उठली. तिने माझं डावं पारडं उलटं केलं. "आई, हे बघा!"

खाली खवल्यांचा आणि मिठाचा जाडजूड थर! वर्षानुवर्षं साचलेला, दगडासारखा. सुनेने सुरीने तो खरवडला, तशी दांडी सरळ झाली. म्होरक्या खाली बघत पुटपुटला, "मावशी, बसा तुमच्या जागेवर." खानावळवाल्याने तर हातच जोडले.

मावशी त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे वळली. डोळे पुसत मला म्हणाली, "तुझ्यावर तरी माझा भरवसा होता रे."

मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर मी दुसऱ्यांचे हात बघत बसलो, आणि खोट माझ्याच बुडाशी होती. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला खालूनही पुसा.

मावशी अजून तोलते. पण रोज आधी माझी दोन्ही पारडी उलटी करून सगळ्यांना दाखवते.